परसातून ताटात : भूमध्यसागरी आहार आणि कुटुंबाची भाजीबाग

भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या सामान्य शेतकरी कुटुंबांचा साधासुधा आहार गेल्या सत्तर वर्षांत जगभर आरोग्यदायी आहाराचा एक आदर्श म्हणून मान्यता पावला आहे. हृद्रोग, मधुमेह व स्थूलता यांनी ग्रासलेल्या समाजांना या आहाराचा उपदेश वारंवार केला जातो. मात्र या कीर्तीबरोबरच एक गैरसमजही पसरला आहे. ऑलिव्हच्या तेलाची बाटली, मूठभर अक्रोड आणि बाजारातून आणलेले परदेशी सॅलड म्हणजेच भूमध्यसागरी आहार, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. वस्तुतः हा आहार दुकानात जन्मला नाही. तो घराशेजारच्या छोट्या भाजीबागेत, डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतात आणि पाळीपाळीने वाटून घेतलेल्या पाटाच्या पाण्यावर वाढला. ज्या गावांत ही बाग टिकली तेथे आहारही टिकून राहिला. जेथे बाग ओस पडली तेथे आहाराचे केवळ नाव उरले. म्हणूनच या आहाराचा प्रसार करावयाचा असेल, तर आरंभ ताटापासून नव्हे, तर परसापासून करावा लागतो.

इंग्रजीत आहारासाठी रूढ झालेला ‘डाएट’ हा शब्द ज्या ग्रीक ‘दिआइता’ या शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ ‘जीवनपद्धती’ असा आहे. युनेस्को या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये या आहाराचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला, तेव्हाही खाद्यपदार्थांची यादी मान्य केली नाही. पिके घेणे, कापणी, मासेमारी, साठवण, स्वयंपाक आणि विशेषतः एकत्र बसून जेवणे यांच्याशी निगडित असलेली कौशल्ये, ज्ञान व प्रथा यांना ही मान्यता मिळाली आहे.

संशोधनाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमधील क्रीट हे बेट अत्यंत हलाखीत होते. तेथील जनतेचे जीवनमान कसे सुधारता येईल हे पाहण्यासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या वतीने १९४८ मध्ये लेलंड ऑलबॉ यांच्या मार्गदर्शनाखाली विस्तृत पाहणी करण्यात आली. तिचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रीटमधील लोकांच्या आहारातील ऊर्जेपैकी केवळ सात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा मांस, दूध, अंडी, मासे अशा प्राणिज पदार्थांतून येत होती, असे या पाहणीत आढळले. उरलेली बहुतेक ऊर्जा धान्य, कडधान्ये, भाज्या, फळे आणि ऑलिव्हचे तेल यांतून मिळत होती. पाहणी करणाऱ्यांचा हेतू दारिद्र्याचे मोजमाप करण्याचा होता. परंतु त्यांच्या नोंदींतून पुढे आरोग्याचे एक सूत्र हाती लागले.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५२ मध्ये इटलीतील नेपल्स येथे निरीक्षणे केली. तेथील कष्टकरी वर्गात हृदयविकार विरळ असल्याचे त्यांना दिसून आले. या निरीक्षणातूनच १९५८ मध्ये ‘सात देशांचा अभ्यास’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संशोधनाला प्रारंभ झाला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, तत्कालीन युगोस्लाव्हिया आणि जपान या देशांतील ४० ते ५९ वर्षे वयाच्या बारा हजारांहून अधिक पुरुषांची यात नोंद करण्यात आली. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पूर्व फिनलंडमध्ये सर्वाधिक, तर क्रीटमध्ये अत्यल्प आढळले. विशेष म्हणजे क्रीटच्या आहारात स्निग्ध पदार्थ कमी नव्हते. परंतु ते मुख्यतः ऑलिव्हच्या तेलातून येत होते, लोणी वा चरबीतून नव्हे.

या अभ्यासावर पुढे आक्षेपही घेण्यात आले. देशांची निवड यदृच्छेने झालेली नव्हती आणि अशा तौलनिक अभ्यासातून कारण व परिणाम यांचा संबंध पुरतेपणी सिद्ध होत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. या आक्षेपांना काही अंशी उत्तर देणारा मोठा प्रयोग नंतर स्पेनमध्ये झाला. हृद्रोगाचा धोका अधिक असलेल्या ७,४४७ व्यक्तींवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही केंद्रांवर गटवाटणीच्या पद्धतीत दोष आढळल्याने मूळ लेख मागे घेण्यात आला आणि २०१८ मध्ये फेरमांडणीसह पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. फेरमांडणीनंतरही ऑलिव्ह तेल किंवा सुक्या मेव्याची जोड दिलेला भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात आदी गंभीर घटनांचे प्रमाण तुलनेने सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसून आले.

ताटाची घडण

या आहाराचा पाया धान्य, कडधान्ये आणि भाजीपाला हा आहे. क्रीटमध्ये सातूचे दोनदा भाजलेले कडक पाव पाण्यात भिजवून खाल्ले जात. ग्रीसमध्ये पांढऱ्या घेवड्याचे, दक्षिण इटलीत मसूर व हरभऱ्याचे, तर मोरोक्कोत बाकल्याच्या डाळीचे दाट सार हे रोजच्या जेवणातील मुख्य अन्न होते. भाज्या येथे तोंडी लावण्यापुरत्या नसतात. वांगी, भेंडी, घेवडा, झुकिनी या भाज्या कांदा, टोमॅटो व ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजवून पावाबरोबर पोटभर खाण्याची पद्धत ग्रीसमध्ये सर्वत्र आहे. मासे किनाऱ्यावर, चीज व दही बेताने, आणि मांस सणासुदीला, असा एकंदर क्रम असे. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात वर्षातील शंभराहून अधिक दिवस उपवासाचे मानले जातात. त्या दिवशी मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. साहजिकच त्या काळात घरची बाग आणि कडधान्यांची कोठी यांच्यावरच कुटुंबाची भिस्त राही.

भाजी तेलात शिजविण्याच्या या पद्धतीला पोषणशास्त्राचाही आधार आहे. पालेभाज्यांतील कॅरोटिन आणि टोमॅटोतील लाल रंगद्रव्य हे दोन्ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने तेलाच्या सान्निध्यात शरीराला ते अधिक चांगल्या रीतीने शोषून घेता येतात. कडधान्यांतील तंतुमय भागामुळे रक्तातील साखर हळूहळू वाढते. भाजीपाल्यातील पोटॅशियम रक्तदाबाच्या दृष्टीने हितावह असते. म्हणजे गुण कोणा एका पदार्थात नसून त्यांच्या मेळात आहे. तेल हे या मेळातील एक घटक आहे. त्याच्याबरोबर ताटभर भाजी नसेल, तर तेलाने एकट्याने फारसे काही साधत नाही.

बागेचे वर्षचक्र

भूमध्य प्रदेशाचे हवामान महाराष्ट्राच्या हवामानाच्या अगदी उलट आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. साहजिकच भाजीबागेचे दोन हंगाम पडतात. पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाली की बाकला, वाटाणा, कांदा, लसूण, कोबी, पालक, लेट्यूस आणि कासनीच्या जातीच्या पालेभाज्या लावल्या जातात. ही पिके बहुतांशी पावसावरच येतात. वसंतात टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, घेवडा, काकडी व झुकिनी यांची रोपे लावतात. त्यांना मात्र उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. दारात किंवा खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यांतून सब्जाच्या जातीची सुवासिक तुळस, पुदिना आणि पार्सली वाढविण्याची रीत ग्रीक खेड्यांत आजही दिसते.

बागेत द्विदल पिकाची पाळी ठेवण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. बाकल्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. त्यामुळे त्यानंतर लावलेल्या टोमॅटोला वा कोबीला वेगळे नत्रखत कमी लागते. शेळ्या-मेंढ्यांचे व कोंबड्यांचे खत, चुलीतील राख आणि स्वयंपाकघरातील टाकाऊ पाला हेच बागेचे मुख्य भांडवल असे. बागेच्या कडेला अंजीर, डाळिंब, लिंबू किंवा बदामाचे एखादे झाड आणि मांडवावर द्राक्षवेल असते. त्यामुळे सावलीही मिळते आणि फळही मिळते.

उन्हाळ्यात एकदम येणारे पीक वर्षभर पुरविणे हे गृहिणीचे मोठे कसब होते. दक्षिण इटलीत ऑगस्ट महिन्यात सारे कुटुंब एकत्र येऊन टोमॅटोचा रस उकळून बाटल्यांत भरते. टोमॅटो व अंजिरे उन्हात वाळवितात, केपरच्या कळ्या मिठात मुरवितात, लसणाच्या वेण्या घालून टांगतात. महाराष्ट्रातील उन्हाळी वाळवणाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. अशा रीतीने बाग, कोठी आणि चूल ही एकाच व्यवस्थेची तीन अंगे होत. तिचे संपूर्ण ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे असे आणि ते आईकडून मुलीकडे जात असे.

पाणी : समाजाचा हिस्सा

घरची बाग एका कुटुंबाची असली, तरी तिचे पाणी क्वचितच एकट्याचे असते. भूमध्य प्रदेशात उन्हाळ्यातील प्रत्येक पाटाला वाटेकरी अनेक असतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या भोवती ‘हुएर्ता’ या नावाने ओळखला जाणारा बागायती भाजीमळ्यांचा पट्टा आहे. तुरिया नदीवरून निघालेल्या कालव्यांवर तो पोसला जातो आणि त्याची मुळे अरब अमदानीपर्यंत पोहोचतात. या मळ्यांतील पाण्याचे तंटे सोडविणारे ‘जलन्यायालय’ दर गुरुवारी दुपारी बारा वाजता व्हॅलेन्सियाच्या प्रधान चर्चच्या दारात भरते. आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी असतात आणि त्यांची निवड शेतकरीच करतात. पाळी सोडून पाणी घेणे, पाट साफ न करणे, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडून नुकसान करणे अशा तक्रारी तेथे तोंडी मांडल्या जातात आणि निकालही तेथल्या तेथे तोंडी दिला जातो. ज्या कालव्यावरील तंटा असेल, त्या कालव्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. युनेस्कोने २००९ मध्ये या संस्थेला मुर्सिया येथील तशाच दुसऱ्या मंडळासह सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम आदी नद्यांवरील फड पद्धतीशी परिचित असलेल्या वाचकांना या व्यवस्थेचे मर्म सहज उमगेल. तेथेही लाभधारक शेतकरी पाण्याच्या पाळ्या ठरवीत आले आणि पाटकऱ्याच्या नेमणुकीतून पाटांची देखरेख करीत आले. दोन्ही व्यवस्था परस्परांपासून दूर वाढल्या. परंतु पाण्याचा हिशेब चोख असल्याखेरीज लहान माणसाची भाजी पिकत नाही, हा दोहोंचा अनुभव सारखाच आहे.

डोंगराळ भागात पाण्याइतकाच मातीचा प्रश्न असतो. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून चुना-सिमेंट न वापरता केवळ दगडावर दगड रचून बांध घातले जातात. या कोरड्या दगडी बांधकामाची कला ग्रीस, इटली, स्पेन, क्रोएशिया, सायप्रस आदी देशांच्या नावे २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाली. बांध ढासळला की पायरी जाते आणि पायरी गेली की तिच्यावरील बागही जाते.

बागेबाहेरची बाग : रानभाज्या

परसबागेचा विचार करताना बांधावरच्या रानभाज्या वगळता येत नाहीत. ग्रीक भाषेत त्यांना ‘होर्ता’ म्हणतात. हिवाळ्यात व वसंतात स्त्रिया सुरी आणि टोपली घेऊन या भाज्या खुडून आणतात, उकळतात आणि तेल-लिंबू घालून वाढतात. क्रीटमधील ‘स्तम्नागाथी’ ही काटेरी कासनी विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘घागरीचा काटा’ असा होतो; पाण्याच्या घागरीत किडे जाऊ नयेत म्हणून या काटेरी झुडपाने घागरीचे तोंड झाकीत असत.

यांतील दोन भाज्या महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. उन्हाळ्यात ग्रीक बागांत येणारी ‘व्लिता’ ही माठाच्या कुळातील पालेभाजी आहे. ‘ग्लिस्त्रिदा’ म्हणजे तर शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी घोळ होय. मूळच्या ग्रीक असलेल्या संशोधक आर्टेमिस सिमोपूलॉस यांनी १९८६ मध्ये घोळीच्या पानांत ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ले इतर पालेभाज्यांच्या मानाने विपुल असल्याचे दाखवून दिले. तण म्हणून उपटून फेकली जाणारी वनस्पती पोषणाच्या दृष्टीने किती मोलाची असू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. अर्थात रानभाजी ओळखणारी नजर असेल आणि जागेवर विषारी कीटकनाशकांची फवारणी झालेली नसेल, तरच ती खाण्यास योग्य ठरते.

पिकांचे स्थलांतर

भूमध्यसागरी बाग म्हणजे शतकानुशतके न बदललेली वस्तू, असे समजणे चुकीचे ठरेल. टोमॅटो, मिरची, घेवड्याच्या अनेक जाती आणि झुकिनी ही पिके अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात व त्यानंतर तेथे पोहोचली. त्याआधी भात, ऊस, लिंबूवर्गीय फळे आणि वांगे अरबांच्या मार्फत पूर्वेकडून स्पेनपर्यंत गेली. वांग्याचा प्रवास तर शब्दांतूनही दिसतो. संस्कृतातील ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबीतून स्पॅनिश भाषेत ‘बेरेंखेना’ म्हणून रुळले आणि पोर्तुगीजांबरोबर परत येऊन भारतीय इंग्रजीत ‘ब्रिंजल’ या नावाने नांदू लागले. नवे पीक परकीय म्हणून नाकारावयाचे नाही. परंतु ते आपल्या मातीत, आपल्या पाण्यात आणि आपल्या चुलीवर बसते की नाही हे पारखून घ्यावयाचे, हीच या बागांची रीत होती.

मायभूमीतच ओहोटी

जगभर कीर्ती पसरत असतानाच या आहाराची त्याच्या मायभूमीत मात्र पीछेहाट होत आहे. १९५० नंतर दक्षिण इटली, ग्रीस व स्पेनमधील खेड्यांतून लाखो लोक उद्योगनगरांत आणि परदेशांत गेले. घरे बंद झाली व पायऱ्यांच्या शेतांवर झुडपे माजली. किनाऱ्यावरील बागांच्या जागी पर्यटकांची हॉटेले उभी राहिली. स्पेनच्या अल्मेरिया प्रांतात तीस हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र प्लॅस्टिकच्या हरितगृहांनी व्यापले आहे. तेथून युरोपभर बारमाही भाजी जाते. पण भूजलावर त्याचा मोठा ताण पडला आहे.

आहारातील बदलही तितकाच ठळक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१५ ते २०१७ या काळात केलेल्या पाहणीत सायप्रस, ग्रीस, इटली व स्पेन या देशांत सुमारे दर पाच मुलग्यांपैकी एक स्थूल आढळला. युरोपातील हे प्रमाण सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. ज्या आजोबांच्या ताटावरून जगाने आहाराचा धडा घेतला, त्यांची नातवंडे गोड पेये आणि तळलेल्या पाकीटबंद खाद्यांवर वाढत आहेत, ही वस्तुस्थिती चिंताजनक आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या कुटुंबांची पाहणी १९४८ मध्ये झाली, त्यांतील बहुतेकांना आपला आहार समाधानकारक वाटत नव्हता. त्यांना अधिक मांस हवे होते. गरिबीने लादलेला आहार लोक संधी मिळताच टाकून देतात. तो टिकवावयाचा, तर त्यामागील सक्ती जाऊन समज आणि अभिमान आला पाहिजे. तसेच तो सोयीचाही झाला पाहिजे.

हवामानबदलाचे संकट यात भर घालीत आहे. भूमध्य प्रदेशाचे तापमान औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढले असून वाढीचा हा वेग जागतिक सरासरीहून अधिक आहे, असे शास्त्रज्ञांच्या २०२० मधील अहवालात नमूद केले आहे. उन्हाळी भाजीला पाणी पुरविणे त्यामुळे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

या परिस्थितीची जाणीव होऊन निरनिराळ्या पातळ्यांवर प्रयत्न सुरू झाले. युनेस्कोच्या मान्यतेसाठी इटलीतील चिलेंतो, स्पेनमधील सोरिया, ग्रीसमधील कोरोनी आणि मोरोक्कोतील शेफशावन हे चार लोकसमूह प्रातिनिधिक म्हणून पुढे आले. २०१३ मध्ये पोर्तुगालमधील तविरा, सायप्रसमधील अग्रोस आणि क्रोएशियातील ब्राच व ह्वार ही बेटे त्यांना येऊन मिळाली. चिलेंतोमधील पोल्लिका गावाचे नगराध्यक्ष आंजेलो वास्साल्लो यांनी या मान्यतेसाठी विशेष परिश्रम घेतले होते. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांची हत्या झाली आणि अवघ्या दोन महिन्यांनी युनेस्कोचा निर्णय जाहीर झाला. त्याच गावच्या हद्दीतील पिओप्पी या मच्छीमार वस्तीत अँसेल कीज यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले होते. आज तेथे भूमध्यसागरी आहाराचे संग्रहालय आहे.

मात्र केवळ मानसन्मानाने बागा हिरव्या होत नाहीत. त्यासाठी जमीन, बियाणे आणि शिक्षण यांची तजवीज करावी लागते. व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक विधिमंडळाने २०१८ मध्ये हुएर्ताच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. शहराच्या वाढीत भाजीमळे गिळले जाऊ नयेत, हा त्याचा हेतू आहे. ग्रीसमध्ये २०१० नंतरच्या आर्थिक अरिष्टात अनेक नगरपालिकांनी आपल्या मोकळ्या जमिनीचे लहान वाफे पाडून ते गरजू कुटुंबांना भाजीसाठी दिले. उत्तर ग्रीसमधील ‘पेलिती’ ही संस्था देशी वाणांचे बियाणे शेतकऱ्यांकडून शेतकऱ्यांकडे पोहोचविते. इटलीत ‘स्लो फूड’ या चळवळीने २००४ पासून शाळाशाळांतून भाजीबागांचा कार्यक्रम चालविला आहे. त्यात मुले, शिक्षक, पालक आणि गावातील वृद्ध मंडळी एकत्र काम करतात.

परसबागेपासून काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी वास्तव अपेक्षा ठेवणे इष्ट होय. अनेक देशांतील पाहण्यांवरून असे दिसते की, बाग असलेल्या कुटुंबांच्या आहारात भाजीपाल्याचे प्रमाण व विविधता वाढते. तथापि, केवळ बाग केल्याने बालकांचे वजन व उंची आपोआप सुधारते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. पोषणाचे शिक्षण, शुद्ध पाणी, स्वच्छता आणि स्त्रियांच्या हाती निर्णय व वेळ यांची जोड मिळाली, तरच बागेचे फळ ताटात उतरते. बागेचा सारा भार स्त्रीच्या आधीच्या कामावर वाढीव म्हणून टाकला गेला, तर ती फार दिवस टिकणार नाही.

महाराष्ट्रासाठी बोध

भूमध्यसागरी आहाराची नक्कल करणे हा या विवेचनाचा हेतू नव्हे. महागडे ऑलिव्ह तेल खेड्यापाड्यांत पोहोचविण्याने काही विशेष साधणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दररोज दरडोई किमान ४०० ग्रॅम फळे व भाजीपाला आहारात असावा, अशी शिफारस केली आहे. तेवढी भाजी सामान्य कुटुंबाच्या ताटात कोठून येईल, हा खरा प्रश्न आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी आणि बेताचे तेल या जेवणाची घडण भूमध्यसागरी ताटाशी जुळणारीच आहे. उणीव असते ती बहुधा भाजीच्या प्रमाणाची व सातत्याची, आणि ती भरून काढण्याचे एक साधन परसात आहे.

त्या दृष्टीने ग्रामपातळीवर काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. मोरीचे सांडपाणी साबणाचा अंश कमी ठेवून शेवगा, पपई, अळू, केळ यांसारख्या झाडांकडे वळविता येते. कच्ची खाण्याची भाजी मात्र स्वच्छ पाण्यावरच वाढवावी. वाफ्यांत पालेभाजी, वेलभाजी आणि द्विदल शेंगभाजी यांची फेरपालट ठेवल्यास जमिनीचा कस टिकतो. देशी वाणांचे बियाणे बचत गटांमार्फत जतन करून वाटता येते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आहेत. शिक्षकांनी त्यांचा उपयोग केल्यास माध्यान्ह भोजनाला ताजी भाजी मिळेल आणि मातीतून अन्न कसे येते याचे शिक्षणही मुलांना मिळेल. गावातील वयोवृद्ध स्त्रियांना शाळेत बोलावून रानभाज्यांची ओळख करून घेणे, हा तर खर्चाशिवाय होणारा उपक्रम आहे. पंचायतीने नवीन वसाहतींची आखणी करतानाच घरामागे वाफ्यापुरती जागा व पाण्याचा निचरा यांचा विचार केला, तर पुढील अनेक अडचणी टळतील.

क्रीटमधील शेतकऱ्याला आपण आरोग्यदायी आहार घेत आहोत, याची कल्पनाही नव्हती. घराजवळ जे पिकत होते, ते तो खात होता. आज आरोग्याचे ज्ञान सर्वत्र पोहोचले आहे, पण घराजवळ पिकण्याची सोय मात्र आटत चालली आहे. ती सोय पुन्हा निर्माण करणे हे काम आरोग्य विभागाचे, कृषी विभागाचे वा शाळेचे एकट्याचे नाही. पाण्याची पाळी ठरविणारी पंचायत, मुलांच्या हाती खुरपे देणारा शिक्षक आणि बियाण्याची पुरचुंडी जपून ठेवणारी गृहिणी या तिघांच्या सहकार्यानेच ते पार पडू शकेल.